दारा शुकोहची बेगम नादिरा बानू

ग्वाल्हेरचा किल्ला आपणा सर्वांच्या नित्य पाहण्यातला. परगावचे पाहुणे आले म्हणजे मानमंदिर, सासबहूची मंदिरे दाखवता दाखवता येथे मोगलांचा तुरुंग होता, हेही आपण सांगून टाकतो. १६६२ साली याच तुरुंगात सुलेमान शुकोह हा शाहजादा मरण पावला. त्याच्या मातोश्रींची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही.

नादिरा बानूचा जन्म १६१८ चा. पिता परवीझ हा जहांगीराचा पुत्र आणि आई अकबराचा पुत्र मुराद याची कन्या. म्हणजे नादिरा दोन्ही बाजूंनी अकबराची पणती. खुर्रमने, म्हणजेच पुढे शाहजहान झालेल्या शाहजाद्याने, जेव्हा बापाविरुद्ध बंड केले, तेव्हा त्याच्या पाठलागावर परवीझलाच धाडण्यात आले होते. १६२६ मध्ये परवीझ बुऱ्हाणपुरास वारला. दोन वर्षांनी शाहजहान तख्तावर आला तो भाऊबंदांतील दावेदारांचा काटा काढूनच. परंतु त्याच घराने परवीझची कन्या सून म्हणून पत्करली. हा संबंध मुमताज महलच्या मनातला. १६३१ मध्ये तीही बुऱ्हाणपुरासच निवर्तली आणि कार्य लांबले. अखेर १ फेब्रुवारी १६३३ रोजी आग्र्यास दाराशी नादिराचा विवाह झाला. खर्च ३२ लक्ष रुपये. त्यांतले १६ लक्ष वडील नणंद जहांआराने दिले.

दाराने तिला एक चित्रसंग्रह भेट दिला होता. फुले, पक्षी, तरुण राजपुरुष आणि स्त्रिया यांची ती चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. अर्पणाच्या लेखात नादिराचा उल्लेख त्याने आपली अत्यंत जिवलग सखी असा केला आहे.

हे शब्द पोकळ नव्हते. मे १६५८ मध्ये सामूगढला दारा हरला आणि लाहोर, सिंध, गुजरात अशी वणवण सुरू झाली. मार्च १६५९ मध्ये अजमेरजवळ देवराईला पुन्हा पराभव झाला. नादिरा त्याच्याबरोबर होती. बोलन घाटाच्या वाटेवर, जूनमध्ये, अतिसाराने तिचा अंत झाला. आपली माती हिंदुस्थानात पडावी ही तिची इच्छा होती. दाराने उरलेसुरले विश्वासू स्वार शवाबरोबर लाहोरला मियां मीर यांच्या दर्ग्याकडे रवाना केले आणि स्वतः जवळजवळ एकटा राहिला. ज्या मलिक जीवनला त्याने पूर्वी मृत्युदंडातून सोडवले होते, त्यानेच त्याला धरून दिले. ३० ऑगस्ट १६५९ रोजी दिल्लीत दाराचा वध झाला.

पुढे सुलेमानला ग्वाल्हेरच्या तुरुंगात अफूच्या बोंडांचे पाणी पाजून झिजवण्यात आले. धाकटा सिपिहरही याच किल्ल्यात कित्येक वर्षे होता. सुटल्यावर १६७३ मध्ये औरंगजेबाची मुलगी त्याला देण्यात आली. कन्या जहांजेब बानू आत्या जहांआराकडे वाढली आणि १६६९ मध्ये औरंगजेबाचा पुत्र आझम याची बेगम झाली. एका शाहजाद्याच्या प्रतिस्पर्ध्याची मुलगी त्याच्याच घरची सून व्हावी, हे आईचे प्राक्तन लेकीच्याही वाट्यास आले.

नादिराची समाधी लाहोरला आहे. ती बांधली गेली तेव्हा तिच्या चोहोंकडे तलाव होता. पुत्राचे अखेरचे दिवस मात्र आपल्या किल्ल्यावर सरले. पाहुण्यांना तुरुंगाची गोष्ट सांगताना या माउलीचे नावही घेतले, तर ती गोष्ट पुरी होईल.