आधी ब्रेक, मग रेंज

घरच्या घरी पेट्रोलची गाडी विजेवर आणण्याचा इतिहास बहुधा रेंजच्या आकड्यांत सांगितला जातो. मला तो वजनाच्या आकड्यांत जास्त खरा दिसतो.

कॅलिफोर्नियात १९६७ मध्ये इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन सुरू झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर गॅरेजात गाड्या खोलून बसणारे हौशी वाढले. पुढची तीसेक वर्षं त्यांच्या हाताशी होती ती लेड-ॲसिड बॅटरी, बहुतेकदा गोल्फकार्टमधली सहा व्होल्टची. एकेक साधारण २८ किलोची. समजा, गाडी ८५० किलोची आहे आणि माणसं-सामानासकट कंपनीने घातलेली मर्यादा १२५० आहे. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, टाकी काढून दीडशे किलो उतरले. मोटर ६५ किलोची, सोळा बॅटऱ्यांचे ४४८, केबल आणि लोखंडी फ्रेमचे ४०. झाले १२५३, आणि ड्रायव्हर अजून बाहेरच उभा आहे! जाणते लोक छोट्या पिकअपकडे वळले ते यामुळेच.

एकूण वजन मर्यादेत बसलं तरी भागत नाही. टायरवर १७५/७० आर १३ च्या पुढे ८२ लिहिलेलं असतं. म्हणजे त्या टायरने ४७५ किलोच पेलायचे. डिकीत बॅटऱ्या रचल्या की मागचे टायर आणि स्प्रिंग आधी हात टेकतात. शिवाय मूळ गाडीत मागच्या ब्रेकला दाब मुद्दाम कमी दिलेला असतो, कारण ब्रेक मारताना भार पुढे येतो. वजन मागे नेलं की मागच्या चाकांची पकड वाया जाते. उलट सगळं बॉनेटखाली कोंबून मागची बाजू हलकी केली, तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून वजनकाट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोललीच पाहिजेत. हे काम टाळणाऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट ब्रेक बूस्टरची. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पेडलला जोर देतो. इंजिन गेलं की तो गेला. बूस्टरमध्ये उरलेल्यावर पहिला ब्रेक नीट लागतो, एकदोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, तेही दीडपट जड झालेल्या गाडीत. यावर विजेवरचा व्हॅक्यूम पंप, साठवणीची टाकी आणि दाब घटला की पंप चालू करणारा स्विच हा उपाय रूढ झाला. पंप बंद पडल्याचं सांगणारा दिवा मात्र अनेकांनी लावलाच नाही.

२००८-१० च्या सुमारास लिथियम सेल हौशींच्या आवाक्यात आले. डिसेंबर २०१० मध्ये निसान लीफ बाजारात आली. तिचा २४ किलोवॅट-तासांचा पॅक तीनशे किलोच्या आतला. अपघातग्रस्त गाड्यांमधले असे पॅक मिळू लागल्यावर वजनाचा प्रश्न बराच सुटला, पण त्याची जागा वेगाच्या प्रश्नाने घेतली. थांबवायची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, वेगाच्या मात्र वर्गाच्या पटीत. चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या बीटलमध्ये टेस्लाची मोटर बसवायची तर ब्रेकही त्याच तोलाचे लागतात.

आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०१० मध्ये हायब्रिड किट दाखवलं होतं. आता अशा किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, चाचण्या एआरएआयसारख्या संस्था करतात, आणि बदलाची नोंद आरसी बुकात करून घ्यावी लागते. मला ही कटकट वाटत नाही. आपल्याला घाट उतरायचे असतात.

जुन्या डीसी मोटरच्या बहुतेक गाड्यांत पाय उचलल्यावर इंजिनासारखी ओढ मिळत नसे. सगळा भार पॅडवर, आणि पॅड तापले की पकड सुटे. नव्या गाड्यांत रीजन आहे, म्हणजे पाय उचलला की मोटरच गाडी रोखते आणि त्यातून वीज बॅटरीत भरते; पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती वीज घेत नाही. खंडाळ्यात रात्रभर चार्ज करून सकाळी बोरघाटाने खोपोलीकडे उतरायचं असेल, तर चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबवावं, आणि रीजन अजिबात नाही असं धरून ब्रेक बसवून घ्यावेत.