नोकरी सांभाळून घरांची दलाली? आधी नियम जाणून घ्या

शनिवार-रविवार आला, की पुण्या-मुंबईच्या उपनगरांतील नव्या गृहप्रकल्पांमध्ये 'सॅम्पल फ्लॅट' पाहणाऱ्यांची गर्दी होते. या कुटुंबांना घर दाखवणारा एजंट सोमवारी सकाळी एखाद्या बँकेत किंवा कारखान्यात हजेरी लावणारा नोकरदार असू शकतो. भांडवल फारसे लागत नाही, ओळखी असतात आणि ग्राहकालाही सुटीचाच दिवस सोयीचा असतो. त्यामुळे नोकरी न सोडता या व्यवसायात उतरण्याचा विचार अनेक जण करतात. मात्र, हा 'फावल्या वेळेतील' व्यवसाय असला, तरी कायद्याला अर्धवेळ एजंट हा प्रकार माहीत नाही. पूर्ण वेळ दलालाला जे नियम लागू आहेत, तेच त्यालाही आहेत.

नुसती ओळख करून दिली तरी...

'कार्यालयातील सहकाऱ्याला बिल्डरचा दूरध्वनी क्रमांक दिला, व्यवहार झाला, बिल्डरने काही रक्कम दिली. यात दलाली कसली?' असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ अर्थात 'रेरा' कायद्यातील एजंटाची व्याख्या व्यापक आहे. मोबदला घेऊन खरेदीदार व विक्रेत्याची कोणत्याही माध्यमातून गाठ घालून देणारी व्यक्तीही तीत येते. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका किंवा भूखंडाच्या विक्रीत अशी मध्यस्थी करायची असेल, तर आधी 'महारेरा'कडे एजंट म्हणून नोंदणी करणे बंधनकारक आहे.

नोंदणीविना काम केल्यास दररोज दहा हजार रुपये, आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. साठ लाखांच्या सदनिकेवर एक टक्का दराने साठ हजार रुपये दलाली मिळते. दंड मात्र तीन लाखांपर्यंत जाऊ शकतो.

प्रशिक्षण आणि परीक्षा

पूर्वी अर्ज व शुल्क भरून नोंदणी मिळत असे. जानेवारी २०२३ मध्ये 'महारेरा'ने आदेश काढून एजंटांसाठी प्रशिक्षण व सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचे केले. त्यानुसार पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. मान्यताप्राप्त संस्थेत २० तासांचे प्रशिक्षण घेऊन ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती मराठीतूनही देता येते. त्यानंतर संकेतस्थळावर अर्ज करता येतो. राज्याच्या २०१७ च्या नियमांनुसार वैयक्तिक अर्जदाराचे शुल्क दहा हजार रुपये असून, नोंदणी पाच वर्षांसाठी असते.

मालकाची परवानगी आहे का?

नोंदणीपूर्वी स्वतःचे नियुक्तिपत्र काढून वाचणे अधिक महत्त्वाचे. अनेक खासगी कंपन्या अन्य व्यवसायास मनाई करतात किंवा लेखी परवानगीची अट घालतात. प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम केल्याच्या कारणावरून 'विप्रो'ने सुमारे ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले, तेव्हा या विषयाची मोठी चर्चा झाली होती. दलाली हे कंपनीशी स्पर्धा करणारे काम नसले, तरी करारातील अट मोडली तर नोकरी धोक्यात येऊ शकते.

सरकारी कर्मचाऱ्यांबाबत नियम अधिक कडक आहेत. पूर्वपरवानगीशिवाय त्यांना व्यापार-व्यवसाय करता येत नाही. पत्नीच्या नावे नोंदणी करून काम आपणच पाहण्याची पळवाटही सुरक्षित नाही. केंद्र सरकारच्या वर्तणूक नियमांत कुटुंबीयांच्या मालकीच्या कमिशन एजन्सीसाठी प्रचार करणे हाही नियमभंगच ठरतो.

सुरुवात भाड्याच्या घरांपासून

नवख्याने आपल्याच परिसरातील चार-पाच सोसायट्या निवडाव्यात आणि भाड्याच्या घरांपासून आरंभ करावा. साधारण एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. रक्कम लहान असली, तरी ओळखी वाढतात. भाडेकरार नोंदवणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार ऑनलाइन नोंदवता येत असल्याने हे काम संध्याकाळीही उरकता येते.

पुनर्विक्रीच्या घरांसाठी कागदपत्रे वाचायला शिकावे लागते. आधीच्या खरेदीखतांची साखळी, सूची क्रमांक दोन, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती आणि शिल्लक कर्जाबाबत बँकेचे पत्र इतके पाहिल्याशिवाय ग्राहकाला टोकन देण्यास सांगू नये. नव्या प्रकल्पात करार नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही ग्राहकाला सांगणे एजंटाच्या हिताचे असते.

खरी अडचण दिवसाच्या कामांची आहे. बँक, दुय्यम निबंधक कार्यालय आणि महापालिका येथील बरीच कामे सुटीच्या दिवशी होत नाहीत. त्यासाठी अनुभवी नोंदणीकृत एजंटाबरोबर दलाली वाटून घेण्याचा लेखी करार करणे हा व्यवहार्य मार्ग आहे. कार्यालयाच्या वेळेत दूरध्वनीवर सौदे करण्यापेक्षा तो कधीही बरा.

उत्पन्न आणि कर

नव्या प्रकल्पातील दलाली सहसा करार नोंदवून ग्राहकाचे ठरावीक पैसे जमा झाल्यावर मिळते. त्यामुळे पहिली रक्कम हाती येण्यास काही महिने लागू शकतात. कंपनीकडून मिळणाऱ्या दलालीवर ऑक्टोबर २०२४ पासून दोन टक्के उद्गम करकपात होते. हे व्यवसायाचे उत्पन्न असल्याने पगारदारांचे साधे 'आयटीआर-१' विवरणपत्र चालत नाही. वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेल्यास जीएसटी नोंदणीही घ्यावी लागते.

निदान पहिले वर्षभर या उत्पन्नाच्या भरवशावर नवे हप्ते न घेणे शहाणपणाचे. या धंद्यातील पहिले ग्राहक बहुधा शेजारी, नातेवाईक आणि सहकारीच असतात. त्यांची आयुष्यभराची पुंजी त्या व्यवहारात गुंतलेली असते. पूर्ण वेळ दलाल चुकला, तर त्याचे एक गिऱ्हाईक तुटते. नोकरदार एजंटाला मात्र फसगत झालेल्या त्याच माणसासमोर रोज जेवणाचा डबा उघडावा लागतो. म्हणूनच एखादा कागद अपुरा असेल, तर 'हे घर घेऊ नका' असे सांगण्याची तयारी असलेल्यानेच या व्यवसायात उतरावे.