शिशाची गोळी ओतण्यापूर्वी कारागिराने काय पाहावे

कोल्हारच्या एका लोहारकाम करणाऱ्या भावाने आम्हाला प्रश्न विचारला आहे. प्रवराकाठच्या मळ्यातला एक ओळखीचा शेतकरी त्याच्याकडे जुना, गंजलेला, चिमट्यासारखा साचा घेऊन आला. साचा साफ करून दे, तसाच दुसरा बनव आणि शंभरेक शिशाच्या गोळ्या ओतून दे, असे त्याचे म्हणणे. घरात आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, उसात बिबट्या फिरतो, पोरेबाळे घाबरतात. मजुरी बरी मिळत होती. हे काम घ्यावे की नाही, असा आमच्या भावाचा सवाल. असे गिऱ्हाईक इतर गावच्या दुकानांतही येऊ शकते, म्हणून उत्तर येथे जरा सविस्तर देत आहोत.

ओतकाम हा आपल्या जिल्ह्याचा जुना हुनर आहे. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली, आणि ती ओतणारा उस्ताद मुहम्मद बिन हसन रूमी होता. ती तोफ काशाची. एवढे कांसे वितळवायचे तर मोठी भट्टी आणि कित्येक माणसे लागतात. शिशाचे तसे नाही. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे घरच्या चुलीवर किंवा शेगडीवरही त्याचे पाणी होते. म्हणून ठासणीच्या बंदुकीच्या काळात शिपाई आणि शिकारी गोळी स्वतःच ओतत. बंदुकीबरोबर तिच्या मापाचा साचाही मिळे.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरतात. नळी आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक. आत पिळाच्या खाचा असतील तर ती रायफल. रायफलीची गोळी नळीपेक्षा किंचित लहान ओततात आणि तेल लावलेल्या कापडाच्या तुकड्यात धरून आत सारतात. कापड खाचांत बसते आणि गोळीला फिरकी मिळते. १८५७ साली जिच्या चरबीच्या काडतुसांवरून शिपाई बिथरले, ती एन्फिल्ड रायफलही ठासणीचीच होती. तिची गोळी लांबट आणि बुडाशी पोकळ असे. दारू पेटली की मऊ शिशाचे बूड फुगून खाचांत घट्ट बसे. हे होण्यासाठी शिसे शुद्ध आणि मऊ हवे, आणि या कामातली अर्धी कारागिरी शिसे ओळखण्यात आहे. नखाने ओरखडा उठला तर शिसे मऊ. जुन्या केबलचे वेष्टण आणि जुने नळ यांचे शिसे बहुधा असे असते. बॅटरीच्या पत्र्यांत अँटिमनीसारखे धातू मिसळलेले असतात, ते शिसे कडक होते.

पुढचे काम दिसायला सोपे आहे. जाड लोखंडी भांड्यात शिसे वितळवायचे, मेणाचा लहान खडा टाकून ढवळायचे, वर आलेली काळी साय पळीने काढायची आणि साच्याच्या भोकातून एका दमात ओतायचे. साचा गार असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात आणि फार तापला तर गोळी पांढुरकी, खरखरीत निघते. म्हणून पहिल्या काही गोळ्या जाणता माणूस परत भांड्यातच टाकतो. मग देठ छाटून एकेक गोळी तोलून बघतो, कारण आत हवा राहिलेली गोळी वजनात हलकी भरते. अर्ध्या इंचाची भरीव गोळी साधारण १२ ग्रॅमची, म्हणजे तोळ्याहून थोडी जास्त. आपण ज्याला बारा बोअर म्हणतो त्या बंदुकीचे नावही या हिशेबातूनच आले आहे. एका पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, की त्यातली एक बसेल एवढी ती नळी. सर्वांत धोका पाण्याचा. ओला तुकडा किंवा घामाचा थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला तर वाफ होऊन भांडे उसळते. डोळा एका क्षणात जातो.

आता कायदा पाहू, कारण आमच्या भावाचा खरा प्रश्न तोच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नाव घेऊन आहे. पिकाच्या राखणीसाठी खरोखर गरज असेल तर तिचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. पण तो परवाना बंदूक बाळगणाऱ्याला मिळतो, त्याच्या लोहाराला नाही. कलम ५ प्रमाणे बंदूक किंवा दारूगोळा बनविणे, विकणे, दुरुस्त करणे यासाठी वेगळा परवाना लागतो. आणि दारूगोळा या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनविण्याची यंत्रेही येतात. म्हणजे गोळीच नव्हे, गोळीचा साचा बनवून देणेही अंगाशी येऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली विनापरवाना बनविण्याला कमीत कमी ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. आपण फक्त मजुरी घेतली, बंदूक कोणाची ते ठाऊक नव्हते, असे म्हणून सुटका होईल या भरवशावर कोणी राहू नये. आपल्या समाजातल्या कारागिराच्या दुकानात शंभर गोळ्या आणि साचा सापडला तर गावात आणि वर्तमानपत्रात काय काय बोलले जाईल, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आजोबांची बंदूक म्हणूनही सूट नाही. परवाना वारसाच्या नावाने आपोआप होत नाही, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो. कर्नाटकात कोडगूच्या कोडवांना जुनी सवलत आहे म्हणून आपल्यालाही असेल, असे काही लोक बोलतात. ती सवलत त्यांच्यापुरतीच आहे. बिबट्याची गोष्ट तर निराळीच. राहाता, राहुरी, संगमनेरच्या उसात बिबटे आहेत, माणसांवर हल्ले झाले आहेत, आणि भीती खोटी नाही. पण बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो मारल्यास किमान ३ वर्षांची कैद आहे. बंदुकीचा परवाना खिशात असला तरी त्यात फरक पडत नाही. शेतकऱ्याने वनखात्याकडे पिंजऱ्यासाठी अर्ज करावा, आणि तो लिहून द्यायला आपल्या भावाने मदत केली तर गिऱ्हाईकही तुटणार नाही.

गोळीचे काम नाकारले तरी शिशाचे काम उरतेच. आपले बरेच भाऊ शिसे रोज हाताळतात. कोणी बॅटरीच्या धंद्यात आहे, कोणी भंगारात, कोणी डाग देतो, कोणी कल्हई करतो. या सर्वांना एक सांगणे आहे. शिशाला वास नाही, चव फारशी नाही, हाताची आगही होत नाही, म्हणून त्याचे भय वाटत नाही. कारागीर धुराला भितो. परंतु बेताच्या आचेवर वाफ थोडीच निघते. जास्त शिसे पोटात जाते ते हातावरच्या पुडीतून, बिडीतून, मळलेल्या तंबाखूतून आणि दुकानात बसून खाल्लेल्या भाकरीतून. अंगात गेलेले शिसे हाडांत वर्षानुवर्षे बसते. लहान मुलांचे शरीर ते मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेते आणि त्याचा परिणाम बुद्धीवर होतो. आईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. अमुक इतके शिसे चालते अशी मर्यादाच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून शिसे वितळवायचे ते घरात नाही, ओसरीवरही नाही, उघड्या जागी आणि वाऱ्याकडे पाठ करून. ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये. काळी साय म्हणजे सर्वांत घातक पूड. ती झाकणाच्या डब्यात ठेवावी, अंगणात झटकू नये. जागा कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत. वजू केली म्हणजे हात स्वच्छ झाले असे समजू नये. ही पूड साबणाशिवाय नीट निघत नाही, तेव्हा आधी साबण, मग वजू. कल्हईवाल्यांनी शुद्ध कथीलच वापरावे. शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते आणि लवकर वितळते, पण ते लोकांच्या जेवणाच्या भांड्यात जाते. सुरमा विकणाऱ्यांनीही पाहावे, कारण बाजारातला बराच सुरमा प्रत्यक्षात शिशाच्या दगडाचा असतो. तो लेकरांच्या डोळ्यांत घालण्याजोगा नाही. बॅटऱ्या घरी फोडण्याचे तर नावच नको. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेली पाहिजे. ज्यांचे काम रोजचे आहे त्यांनी मोठ्या प्रयोगशाळेत रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. साध्या रक्ततपासणीत ते कळत नाही, तपासणी नाव घेऊन मागावी लागते.

राहिला साचा. प्रवरा नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, आणि तेथून पुढे जायकवाडीच्या पाण्यात मासेमारी चालते. फेकण्याच्या जाळ्याला कडेने शिशाचे मणी लागतात, आणि नदीच्या तळाला घासून ते झिजतात, हरवतात. हे मणी मधे भोक असलेले, लांबट, देठ छाटून गुळगुळीत केलेले हवेत, नाहीतर जाळ्याचा दोरा कापला जातो. त्यांचा आकार बंदुकीच्या गोळीशी जुळत नाही, आणि जुळूही नये. विकताना ते वजनावर विकावेत, वितळताना साय निघून जी घट येते ती दरात धरावी, आणि शिशाच्या खरेदीची पावती जपून ठेवावी.

कोल्हारच्या भावाला आम्ही हे सर्व कळविले. त्याने जुना साचा गंज न काढता तसाच परत दिला, आणि जाळ्याच्या मण्यांचा नमुना आणायला तो प्रवरासंगमला जाऊन आला आहे.