पिटो नळीचे तापन : समज आणि वस्तुस्थिती

घराशेजारच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे एकेक रिव्हेट बसवून स्वहस्ते विमान उभारणारा हौशी कारागीर इंजिनाविषयी जेवढा दक्ष असतो, तेवढा पंखाखालच्या वीतभर पिटो नळीविषयी क्वचितच असतो. आणि त्या नळीत विजेचा तापक बसवावयाचा म्हटले की, कधीच न तपासलेले कित्येक समज सिद्धान्ताचा दर्जा पावलेले आढळतात.

आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी योजिलेली ही नळी समोरून येणाऱ्या हवेचा एकूण दाब घेते. सभोवतालच्या हवेचा स्थिर दाब निराळ्या छिद्रातून येतो, आणि या दोहोंतील अंतरावरून वेगमापकाचा काटा हलतो. नळी बर्फाने बुजली की काटा शून्यावर येईल व दोष तत्काळ उमगेल, हा माझ्या मते सर्वांत घातक समज होय. पुढचे तोंड बंद पण पाणी निचरण्याचे छिद्र मोकळे असेल, तर तसे घडते खरे. परंतु दोन्ही बुजली तर आतला दाब कोंडून राहतो, आणि विमान वर चढताना बाहेरचा दाब जसजसा घटतो, तसतसा काटा नसलेला वेग वाढवून दाखवू लागतो. १ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कहून बफेलोकडे निघालेल्या बोइंग ७२७ विमानात तापकाचे खटके चालू करावयाचे राहून गेले. चढताना काटा अतिवेग दाखवू लागला, सबब वैमानिकांनी नाक वर उचलले, खरा वेग ढासळला, पंखांचा हवेवरील आधार सुटला, आणि आतील तिघेही मृत्यू पावले.

तापक बसविला म्हणजे बर्फाळ ढगांत शिरण्याची मुभा मिळाली, असेही कित्येकांना वाटते. तापक केवळ वेगमापकाची नळी राखतो. पंख, पुढचा पंखा व कार्बुरेटर उघडेच राहतात. चुकून ढगात सापडल्यास बाहेर पडेपर्यंत वेग खरा कळावा, एवढेच त्याचे प्रयोजन.

दोन तारा जोडल्या की काम संपले, हा समज मात्र खुद्द कारागिरांचा. बारा व्होल्टच्या विमानात असा तापक सामान्यतः आठ ते बारा अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे सुमारे शंभर ते दीडशे वॅट. कित्येक तापक थंड असताना आरंभी याहूनही जास्त ओढतात. म्हणून पुरेशी जाड तार, स्वतंत्र सर्किट ब्रेकर आणि जनित्राच्या क्षमतेचा चोख हिशेब अवश्य हवा. पंखाच्या टोकाशी विजेवर चालणाऱ्या होकायंत्राचा संवेदक असेल, तर परतीचा प्रवाह पंखाच्या पत्र्यातून न नेता दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून न्याव्यात. अन्यथा तापक चालू करताच दिशा ढळते. नळीच्या बुडाशी प्लास्टिकची नळी थेट जोडणे ही तर उघड बेपर्वाई : उष्णतेने ती मऊ पडते, सबब मध्ये काही अंतर धातूची नळी घालावी. तापमान आपोआप न आवरणारे जुने तापक जमिनीवर, थंड वाऱ्याअभावी, भाजण्याइतके तापतात. नळीवरचे झाकण काढल्याची खात्री केल्यावाचून खटका दाबू नये.

खटक्याचा दिवा लागला म्हणजे नळी तापली, असे नव्हे. तो दिवा खटका चालू असल्याची तेवढी ग्वाही देतो. पहिल्या उड्डाणापूर्वी अँपिअरमापक लावून प्रवाह प्रत्यक्ष मोजावा, आणि प्रवाह थांबताच पेटणारा इशाऱ्याचा दिवा, कायद्याने सक्ती नसली तरी, अवश्य बसवावा.