उपरोक्त विषयास अनुसरून

शेलूला आमच्या शेजारच्या आजी परवा फेरफाराची नोटीस घेऊन आल्या. तेरा दिवस ती देवघरातल्या तसबिरीमागे पडून होती. त्यातला ‘हरकत’ एवढा एकच शब्द त्यांच्या ओळखीचा. तेव्हा ‘काही हरकत नाही’ असेच लिहिले असणार, अशी त्यांची समजूत! मी वाचून दाखवले. सासऱ्यांच्या नावच्या जमिनीला वारस लागत होते. आजींचे नाव होते, पण त्यांच्या दोन्ही लेकींची नावे गळली होती. हरकत घ्यायला मुदत पंधरा दिवसांची. उरले होते दोन.

कागद मराठीच होता. पण ‘मयत’, ‘वारस’, ‘हरकत’ हे शब्द अरबी-फारसीतून आलेले, ‘उपरोक्त’ आणि ‘अन्वये’ संस्कृतातले, आणि ‘कळविण्यात येते की’ हा घाट साहेबाच्या इंग्रजीचा.

हे दुखणे जुने आहे. सुमारे २२०० वर्षांपूर्वी फ्लामिनिनस या रोमन सेनापतीने ग्रीसमधल्या किरेतिए या गावाला पत्र लिहिले. विषय जमिनीचाच : रोमने ताब्यात घेतलेली जी घरे-जमिनी अजून उरली आहेत, ती तुमच्या गावाला परत देतो. पत्र ग्रीक भाषेत, पण जाणकारांना ती ग्रीक अवघडलेली वाटते. लॅटिनची सवय मधूनच डोकावते. पदांची नावेही अशीच घडवलेली. रोमच्या ‘कॉन्सल’ला ग्रीकमध्ये ‘हिपातोस’ म्हणत, म्हणजे सर्वांत वरचा. तरी गावकऱ्यांना मतलब कळला, आणि त्यांनी ते पत्र दगडावर कोरून ठेवले!

आपल्याकडे शिवाजी महाराजांनी या गोष्टीत लक्ष घातले, तेही आमच्याच जिल्ह्यातल्या रायगडावरून. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास डबीर, सुरनीस, सरनोबत यांच्या जागी सुमंत, सचिव, सेनापती आले. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही महाराजांनी करवून घेतला. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६४ साली मराठीला राजभाषा करणारा कायदा झाला.

शब्द बदलले, तरी ‘हरकत’ टिकली. ती लोकांच्या तोंडी रुळली होती. म्हणजे शब्द कुठून आला, हा प्रश्न दुय्यम. आजींचे अडले ते वाक्यात. कोणी, काय, कधीपर्यंत करायचे, हेच त्या लांबलचक वाक्यात हरवले होते.

दोष दुसऱ्याला कसा देऊ? बँकेत असताना ‘सदरहू खाते थकीत असल्याने’ अशी शेकडो पत्रे मीही धाडली. ती घरोघरी कोण वाचून दाखवत असेल, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

आजींचा अर्ज मात्र साधा लिहिला : ‘माझ्या दोन मुलींची नावे राहिली आहेत, ती लावावीत.’ अंगठा उठवण्याआधी त्यांनी तो दोनदा वाचून घेतला. म्हणाल्या, “भाऊ, हे तर मीच बोलले!”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही कर्जत गाठले आणि अर्जाची पोच घेतली.