गीतरामायणाच्या वर्षातला गोळीबार

१९५५ची रामनवमी १ एप्रिलला होती. त्या सकाळी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणातले पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षाहून थोडा अधिक काळ, आठवड्याला एक याप्रमाणे, ५६ गीते लोकांनी ऐकली. हे वर्ष निम्म्याहून अधिक सरले असताना, २१ नोव्हेंबरला, मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १५ माणसे मारली गेली. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित होणार असे जाहीर झाले, शहर पेटले आणि पुन्हा गोळीबार झाले. त्या आठवड्यांतही रामकथेची गीते ठरल्या वेळी लागत होती. आंदोलनातल्या हुतात्म्यांची संख्या पुढे शंभरावर गेली.

या दोन्ही आठवणी आपण जपल्या आहेत, पण त्या एकाच वर्षाच्या आहेत हे क्वचितच कुणाच्या ध्यानात येते. माझा आक्षेप इथेच आहे. दुसरे महायुद्ध संपल्यापासून १९६०पर्यंतचा काळ आपण शांत, सोशिक, सुसंस्कृत म्हणून मनात बसवला आहे. साधी राहणी, एकत्र कुटुंब, शेजारधर्म, पुढाऱ्यांवर विश्वास, घरात रेडिओ आणि शाळेत साने गुरुजी. हे चित्र खोटे नाही. पण ते सदाशिव पेठ, गिरगाव, दादर आणि पार्ल्यातल्या घरांचे आहे. १९५१च्या जनगणनेत देशातल्या शंभर माणसांपैकी जेमतेम अठरांना लिहितावाचता येत होते. आठवणी छापल्या गेल्या त्या या अठरांतल्या मूठभरांच्या. उरलेल्या ब्याऐंशींचे दशक कसे गेले, ते कागदपत्रांतून आणि तोंडी आठवणींतून शोधावे लागते.

साधेपणाचेच घ्या. मुंबईत धान्याचे रेशन युद्धात, १९४३मध्ये सुरू झाले. युद्ध संपले, स्वातंत्र्य आले, मधे थोडा काळ नियंत्रणे उठली आणि पुन्हा आली. ती खऱ्या अर्थाने सुटली १९५४च्या सुमारास, रफी अहमद किडवई अन्नमंत्री असताना. दहा-अकरा वर्षे शहरातली घरे कार्डावर मिळेल ते शिजवत होती. त्याच काळात बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १८ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित येऊन राहिले, तेच आजचे उल्हासनगर. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, म्हणून चाळीतला भाडेकरू तगला. पण भाड्याने द्यायला नव्या चाळी बांधण्यात मालकांना रस उरला नाही. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत होती ती जागेच्या टंचाईने. तिथे माणुसकी होती हे खरेच, पण त्या गर्दीला संस्कृती म्हणून मिरवणे बरे नाही.

सामाजिक सलोख्याबद्दल तर आपण फारच सोयीने विसरलो आहोत. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींची हत्या झाली आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’मध्ये ती जळीते आहेत, तरी कुटुंबाच्या बैठकीत हा विषय निघाला की आवाज खाली जातो. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद संस्थान विलीन झाले. रझाकारांचा जुलूम आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे आणि तो खराच होता. त्यानंतर उस्मानाबाद-नांदेडकडच्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली, पण तिचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. एका वर्षातल्या या दोन्ही गोष्टी सांगायला आपण कचरतो. दोन्ही सांगायला हव्यात, आणि एकीने दुसरीचे समर्थन न करता.

मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते ते कूळकायद्यापाशी, कारण त्याबद्दलचे दोन्ही ठाम समज अपुरे आहेत. एका घरात म्हणतात, सरकारने आमच्या जमिनी काढून घेतल्या. दुसऱ्या घरात म्हणतात, सरकारने आम्हाला जमिनी दिल्या. मुंबई राज्याचा कूळवहिवाट कायदा १९४८चा. पण कुळाला मालक मानण्याची तारीख, १९५६च्या दुरुस्तीने ठरलेली, १ एप्रिल १९५७ आहे. मधली नऊ वर्षे फार महत्त्वाची. त्या काळात मालक ‘स्वतः कसायची आहे’ म्हणून जमीन परत मागू शकत होता, आणि कूळ राजीनामा देऊन ती सोडू शकत होते. वि. म. दांडेकर आणि ग. जे. खुदानपूर यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७मध्ये आला. कायदा पुस्तकात असताना शिवारात कुळे जमिनी सोडत होती, ‘राजीखुशीने’ दिलेले राजीनामे नोंदले जात होते, आणि त्या राजीखुशीवर विश्वास ठेवणे कठीण होते, असे त्यातून समोर आले. ज्याला सावकाराकडे कर्ज होते, ज्याच्या घरात लिहितावाचता येणारे कोणी नव्हते, ज्याची जात खालची मानली जात होती, त्याने अंगठा उठवला. १ एप्रिल उजाडण्याआधीच तो कूळ राहिला नव्हता.

ज्यांनी दम धरला त्यांना कायद्याच्या कलम ३२ ग खाली किंमत ठरवून मिळाली, ती त्यांनी हप्त्यांनी फेडली आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव चढले. म्हणजे जमीन कुणी फुकट दिली नाही. मालकांच्या बाजूचीही एक गोष्ट मान्य करायला हवी. विधवा, अज्ञान मुले, अपंग आणि सैन्यातले मालक यांच्यासाठी कायद्याने तारीख पुढे ढकलली होती. तरीही दोन-चार एकरांच्या खंडावर जगणाऱ्या एकट्या बाईला तारखा घालत मामलेदार कचेरीत बसावे लागले. विदर्भ आणि मराठवाड्याचे कायदे वेगळे होते, तिथली कहाणीही वेगळी. मुंबई-पुण्याच्या आठवणींना ‘महाराष्ट्राच्या’ म्हणण्यात हीच अडचण आहे, कारण तो महाराष्ट्र १९६०पर्यंत नकाशावरच नव्हता.

१९४८च्या जळितानंतर दोन-तीन वर्षांत, १९५०मध्ये, नगर जिल्ह्यातल्या लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले आणि अध्यक्ष झाले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. जातींमधला विस्तव अजून विझला नव्हता, आणि तरी एक शेतकरी व एक ब्राह्मण प्राध्यापक हिशेबाच्या एका वहीवर बसू शकले. मला हे त्या काळाचे सर्वांत मोठे कर्तृत्व वाटते. सहकारावर पुढे ज्यांनी सत्ता बांधली त्यांच्याकडे पाहून ही सुरुवात नाकारू नये.

गिरणगावही शांत नव्हते. १९५०च्या १४ ऑगस्टपासून ६३ दिवस, दोन लाखांहून अधिक गिरणी कामगार बोनससाठी संपावर होते. संप हरला. कायद्याने १९४६पासून एकाच ‘प्रातिनिधिक’ संघटनेला वाटाघाटीचा हक्क दिला होता, आणि संप करणारी समाजवाद्यांची मिल मजदूर सभा ती संघटना नव्हती. ती गाठ तशीच राहिली. १९८२च्या संपात दत्ता सामंतांच्या मागे गेलेले कामगार याच तरतुदीशी झुंजत होते.

नेहरूंवर सगळा देश भाळला होता, हाही असाच एक समज. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन अशी एरवी एकमेकांशी न जमणारी मंडळी एकत्र आली होती. मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्यातली सत्ता काँग्रेसकडे टिकली ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जागांवर. त्या नोव्हेंबरात नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण करायला आले, तेव्हा वाटेवर हजारो लोक काळे झेंडे घेऊन उभे होते. लोक नेहरूंना मानत होते आणि त्यांना तोंडावर विरोधही करत होते. आज आपल्याला या दोन गोष्टी एकत्र कल्पिता येत नाहीत, हे आपले दुर्दैव.

डॉ. आंबेडकर १९५२मध्ये मुंबईत आणि १९५४मध्ये भंडाऱ्यात लोकसभेची निवडणूक हरले. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाला मतदारांनी दोनदा परत पाठवले, हे त्या ‘आदर्श’ राजकारणाचे वास्तव. नागपूरचे धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६चे. मार्च १९५८मध्ये दादरला दलित साहित्य संमेलन भरले, उद्घाटक अण्णा भाऊ साठे. पुढच्याच वर्षी त्यांची ‘फकिरा’ आली. दलित साहित्य सत्तरच्या दशकात एकाएकी उसळले असे सांगणाऱ्यांनी या तारखा पाहाव्यात. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या जमातींवर मालतीबाई बेडेकरांनी ‘बळी’ १९५०मध्येच लिहिली होती. या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा केंद्राचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, बाकीच्या महाराष्ट्राला मात्र त्याचा पत्ता नसतो.

सुसंस्कृत म्हणवणाऱ्या त्याच समाजाने मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला भरला. मर्ढेकर निर्दोष सुटले. र. धों. कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९५३मध्ये त्यांच्या निधनाबरोबर थांबले, चालवायला कोणी पुढे आले नाही. मुंबई प्रांताने द्विभार्या प्रतिबंध १९४६मध्ये आणि घटस्फोटाचा कायदा १९४७मध्ये केला होता, केंद्राच्या कितीतरी आधी. कायदे पुढे गेले, घरे मागे राहिली.

आणि गीतरामायणाचे संगीतकार सुधीर फडके? पहिले गीत लागण्याच्या आठ महिने आधी, ऑगस्ट १९५४मध्ये, ते दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले होते. त्या स्वरांतली शांतता निष्क्रिय माणसाची नव्हती.

त्या काळात वयात आलेली माणसे आता पंच्याऐंशी-नव्वदीत आहेत. तुमच्या घरात कोणी असेल तर त्यांना गाण्यांबरोबर रेशनबद्दल, राजीनाम्याबद्दल, जळिताबद्दलही विचारा आणि उत्तर लिहून घ्या. जमिनीचे जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. १९४८ ते १९६०मधल्या नोंदी मागा.