महाविद्यालयीन अध्यापकांची ऑनलाइन माहितीशोध-कौशल्ये : मराठी साधनांच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : माहितीशोध, शोधयंत्र, युनिकोड, शोधगंगा, स्रोतांची पारख

प्रस्तावना :
संशोधन प्रकल्पांच्या प्रस्तावांत ‘या विषयावर मराठीत पुरेसे संशोधन झालेले नाही’ हे विधान वारंवार आढळते. पुष्कळदा त्याला आधार असतो तो शोधयंत्रावर एक-दोन शब्द टाकून पाहिलेल्या पहिल्या पानाचा. वस्तुतः ‘सापडले नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद अध्यापकाने जाणला नाही, तर पूर्वसुरींचे श्रम अनुल्लेखित राहतात आणि तीच उणीव विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत उतरते. प्रस्तुत लेखात या भेदामागील कारणे व आवश्यक कौशल्ये यांचे विवेचन केले आहे.

१. साधनांची निवड :
सर्वसाधारण शोधयंत्र हे शोधाचे एक साधन आहे, एकमेव नव्हे. शोधनिबंधांसाठी २००४ मध्ये सुरू झालेले गूगल स्कॉलर, तर भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांसाठी गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार अधिक उपयुक्त ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केल्यामुळे या भांडाराला बळ मिळाले. प्राथमिक ओळखीसाठी मराठी विश्वकोशाची ऑनलाइन आवृत्ती उपलब्ध आहे.

२. शोधसूत्राची रचना :
जॉर्ज बूल (१८१५–१८६४) यांच्या तर्कगणितावर आधारलेली ‘अँड’, ‘ऑर’ व ‘नॉट’ ही जोडपदे बहुतेक शैक्षणिक माहितीकोशांत वापरता येतात. ‘अँड’ने शोध आटोपशीर होतो, ‘ऑर’ने विस्तारतो आणि ‘नॉट’ने नको असलेला भाग वगळला जातो. अवतरणचिन्हांत दिलेला शब्दसमूह जसाच्या तसा शोधला जातो. मराठीत मात्र हीच अचूकता अडसर ठरू शकते.

३. मराठीतील शोधाच्या अडचणी :
महात्मा फुले यांच्या १८८३ च्या ग्रंथाचे उदाहरण बोलके आहे. त्याचे शीर्षक ‘शेतकऱ्याचा असूड’ असे, तसेच ‘शेतकऱ्याचा आसूड’ असेही लिहिले जाते. लेखकाचे नाव जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा अशा अनेक रूपांत आढळते. विभक्तिप्रत्यय लागताच ‘फुले’चे ‘फुल्यांचा’ होते. प्रबंधाचे शीर्षक नोंदीत कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत असते.

याहून सूक्ष्म अडचण संगणकीय संकेतांची आहे. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, तर दुसऱ्यात नेहमीच्या ‘र’ला हलन्त व जोडणीचे अदृश्य चिन्ह दिले जाते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ती भिन्न असतात आणि प्रत्येक माहितीकोश ती जुळवून घेईलच असे नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित केलेल्या मजकुराची किंवा केवळ छायाप्रत म्हणून जतन केलेल्या पानांची स्थिती त्याहून बिकट असते. तेथे अक्षरे दिसतात. परंतु देवनागरीत शोध घेतल्यास ती हाती लागत नाहीत.

यावरील उपाय म्हणजे शोधापूर्वी शब्दाच्या पर्यायी रूपांची यादी करणे, ती रूपे ‘ऑर’ने जोडणे अथवा स्वतंत्रपणे तपासणे, रोमन लिपीतही शोध घेणे आणि मिळालेल्या एका प्रबंधाच्या संदर्भसूचीवरून पुढील साधनांपर्यंत पोहोचणे. ग्रंथालयातील छापील सूचीचे महत्त्वही यामुळे अबाधित राहते.

४. स्रोतांची पारख :
सापडलेले सर्वच ग्राह्य नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली. मे २०१८ मध्ये तीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. २०१९ पासूनची ‘केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. त्यामुळे संपादक मंडळ, परीक्षणाची पद्धत व संदर्भांची सत्यता तपासण्याची जबाबदारी आता अधिक प्रमाणात संस्था व अध्यापक यांच्यावर आली आहे.

समारोप :
शोध कोणत्या साधनांत, कोणत्या शब्दरूपांनी व कोणत्या दिनांकापर्यंत घेतला, याची नोंद अध्यापकाने ठेवावी. ‘संशोधन झालेले नाही’ या विधानाऐवजी ‘अमुक साधनांत अमुक शब्दांनी शोध घेता आढळले नाही’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक होय. त्यामुळे पुढील अभ्यासकाला शोध नेमका कोठून सुरू करावयाचा, हेही कळते. ही शिस्त ग्रंथपालांच्या साहाय्याने महाविद्यालयीन स्तरावर सहज रुजविता येईल.